हाडं शाबूत, मग गुडघा सटकतो कसा?

प्रश्न : ताई, रामराम. चोपडा तालुक्यातून लिहितो. केळी आणि थोडा कापूस, अशी आमची शेती. मोठी मुलगी वीस वर्षांची आहे. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये खेळते आणि पोलीस भरतीची तयारी करते, रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळते. दिवाळीनंतर एका सामन्यात चढाई करून परत फिरताना तिचा पाय जागीच रुतल्यासारखा झाला आणि ती खाली बसली. कोणी धरलंही नव्हतं. ‘कट्’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला म्हणते. घरी आणेस्तोवर गुडघा नारळाएवढा झाला. तालुक्याला एक्स-रे काढला, हाडं शाबूत आहेत, काळजी नको म्हणाले. शेजारच्या गावच्या हाडवैद्याने ‘नस सरकली’ म्हणून पंधरा दिवस तेल लावून चोळलं, पट्टा बांधला. महिन्याभरात सूज उतरली, पोर चालायला लागली, जिना चढायला लागली. आम्हाला वाटलं, झालं बरं. संक्रांतीच्या आधी बागेत बांधावरून उतरत होती, मागून आईने हाक मारली, ती वळली आणि पुन्हा पडली. पुन्हा सूज. आता म्हणते, ‘बाबा, गुडघा सटकस.’ सरळ चालताना मात्र काही नाही. भाऊबंद म्हणतात, पोरीच्या मनात भीती बसली. कोणी म्हणतं एमआरआय काढा, कोणी म्हणतं ऑपरेशनच करा, कोणी म्हणतं पोरीच्या जातीला कबड्डी कशाला. हाडाला काही नाही तर सटकतं काय? विश्रांती दिली तर आपोआप जुळेल का? आणि भरतीचं काय करायचं?
– एक शेतकरी बाप

उत्तर : भाऊ, रामराम.

आधी त्या भीतीचं बोलते, कारण घरात सगळ्यात जास्त तेच बोललं जात असणार आणि पोर ते गुपचूप ऐकून घेत असणार. भीती असेलही. दोनदा पडलेल्या माणसाला नसेल तर नवल. पण भीतीने गुडघा घरी येईस्तोवर नारळाएवढा होत नाही.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत, त्या एकत्र वाचल्या की माझा अंदाज एकाच जागी जातो. कोणी न धरता, नुसतं वळताना ती पडली. आवाज आला. आणि सूज लगेच आली. सूज नेमकी कधी आली हे मी येणाऱ्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारते, लोक वैतागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जड वाटला असेल तर बहुधा सांध्यातलं पाणी वाढलेलं असतं. तासा-दोन तासांत टम्म फुगला असेल तर आत रक्त उतरलेलं असतं. खेळणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गुडघ्यात असं रक्त उतरतं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, तुटलेलं निघतं. त्याला सगळे एसीएल म्हणतात, आपणही तेच म्हणू. हात लावून न बघता खात्रीने सांगणं माझ्या धंद्यात पाप आहे, म्हणून ‘अंदाज’ म्हणते. पण अंदाज पक्का आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. हाडाला काही नाही तर सटकतं काय?

घरातला पाटा-वरवंटा डोळ्यापुढे आणा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेले दोन गोल वरवंटे, आणि नडगीच्या हाडाचा माथा म्हणजे जवळजवळ सपाट पाटा. खुब्याचा सांधा उखळीसारखा खोल असतो, तिथे हाडच हाडाला धरून ठेवतं. गुडघ्यात तशी सोय नाही. पाट्यावर वरवंटा ठेवला तर तो पुढे घरंगळेल, मागे जाईल, वळेलही. गुडघ्यात तो घरंगळत नाही, कारण त्याला चहूबाजूंनी बांधून ठेवलेलं आहे. ही बांधणी म्हणजे लिगामेंटं. शाळेच्या पुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हटलंय, आणि शब्द अगदी चपखल आहे: हाडाला हाडाशी बांधणारा. एक्स-रेत दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ना, सगळा कारभार त्या फटीत चालतो आणि एक्स-रेला तो दिसत नाही. ‘हाडं शाबूत’ हे तुम्हाला खरंच सांगितलं. अर्धंच सांगितलं, एवढंच.

मुख्य लिगामेंटं चार. दोन बाजूंना असतात, आतल्या बाजूचं एमसीएल आणि बाहेरच्या बाजूचं एलसीएल. ती गुडघा आडवा वाकू देत नाहीत. दोन सांध्याच्या मधोमध असतात आणि एकमेकांना फुली मारून जातात. मागचं पीसीएल नडगीला मागे सरकू देत नाही. ते चांगलं जाड असतं. मोटारसायकल घसरून वाकलेला गुडघा समोरून आदळतो तेव्हा ते जातं. हायवेच्या कृपेने मला तसेही पेशंट बरेच मिळतात. पुढचं एसीएल. ते मांडीच्या हाडाच्या मागच्या अंगाला सुरू होतं, तिरकं खाली-पुढे येतं आणि नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला रुजतं. लांबी साधारण 3 सेंटिमीटर, जाडी करंगळीहूनही कमी. नडगी पुढे सरकू न देणं आणि आतल्या बाजूला गर्रकन वळू न देणं, ही त्याची दोन कामं. तरुण माणसाचं धडधाकट एसीएल यंत्रात धरून ताणलं तर 200 किलोच्या आसपास वजनाएवढा ताण सोसून मग तुटतं. एवढीशी दोरी, पण चिवट.

मग सरळ चालताना काहीच कसं होत नाही? हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, फक्त तुम्ही ते बागेत पाहिलंय. केळीचा घड भरला की झाड घडाच्या बाजूला कलतं. तुम्ही काय करता? कलाच्या उलट दिशेला पट्टी ताणून शेजारच्या झाडाला बांधता. ती पट्टी झाडाला उभं करत नाही, झाड आपल्या बुंध्यावर उभं असतं. पट्टी त्याला फक्त एका दिशेला जाऊ देत नाही. वारा नसला तर पट्टी तुटलेली आठ दिवस लक्षातही येत नाही. झाड उभं, घड लटकलेला, सगळं ठीक. मे महिन्यातलं एक वादळ आलं की मग सकाळी बागेत जाऊन बघायचं, कोणत्या झाडाची पट्टी तुटली होती.

सरळ चालणं म्हणजे वारा नसलेला दिवस. जिना चढणंही तसंच. तेवढं काम मांडीचे स्नायू एकटे निभावून नेतात. वारा सुटतो तो पाय जमिनीवर रोवलेला असताना धड वळतं तेव्हा. चढाईवरून परत फिरताना आणि आईच्या हाकेला वळताना तुमच्या पोरीने गुडघ्याच्या दृष्टीने एकच हालचाल केली. पाय खाली रुतलेला, मांडी वळली, नडगी मागे राहिली. पहिल्यांदा ती दोरी तुटली. दुसऱ्यांदा दोरी नव्हतीच, म्हणून आईची एक हाकही पुरली.

अजून एक काम एसीएल करतं, ते लोकांना माहीत नसतं. या लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा किती वाकला, कुठे निघाला, ताण किती पडला, ही खबर ती सतत वर पाठवतात, आणि खबर पोचली की स्नायू आपोआप सावध होतात. अंधारात बांध उतरताना पाय पायाखालची जमीन ‘ओळखतो’, त्यात याचा वाटा आहे. लिगामेंट तुटलं की खबर देणाराही गेला. म्हणून हे पेशंट सांगतात, ‘पाय माझा वाटत नाही.’ हे वाक्य भीतीचं वाटतं. तेही खरं तर तुटलेल्या दोरीचंच लक्षण असतं. भाऊबंदांना एवढं सांगा.

विश्रांतीने जुळेल का? बाजूचं एमसीएल असतं तर मी म्हटलं असतं, हो, पट्टा लावा, काही आठवडे सांभाळा, बहुतेक वेळा ते आपोआप भरून येतं. ते सांध्याच्या बाहेरच्या आवरणात असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला आहे. जखमेवर रक्ताची गाठ धरते आणि त्या गाठीच्या आधाराने नवे धागे विणले जातात. एसीएल सांध्याच्या आत, पाण्यात लोंबकळतं. तुटलेल्या दोन टोकांमध्ये गाठ धरायला जाते आणि सांध्यातलं पाणी ती धुऊन टाकतं. अर्धवट फाटलेलं कधी कधी सावरतं. पूर्ण तुटून सुटलेलं टोक मात्र बहुतेक वेळा मागे आक्रसतं किंवा भलत्याच जागी चिकटतं. टाके घालून पाहिले नाहीत असं नाही. 1895 मध्ये इंग्लंडातल्या लीड्समध्ये मेयो रॉबसन या सर्जनने एका खाणकामगाराची तुटलेली क्रुशिएट, म्हणजे मधली फुलीतली, लिगामेंटं शिवली होती, आणि तो माणूस पुन्हा कामावर गेला. पण नंतरच्या काळात शेकडो गुडघे शिवल्यावर डॉक्टरांना कळलं की नुसते टाके बहुतेकांत टिकत नाहीत. त्यामुळे आता ऑपरेशन म्हणजे शिवणं नाही, नवी दोरी घालणं.

हाडवैद्याबद्दल दोन शब्द, रागावू नका. तुमच्या-माझ्या आजोबांचे हात त्यांनीच बसवले. पण रक्ताने भरलेला ताजा गुडघा तेल लावून चोळायचा नसतो, आतलं रक्त वाढतं. आणि ‘नस सरकणं’ असं काही गुडघ्यात होत नाही. सरकते ती नडगी. सूज महिन्याभरात उतरली ती चोळल्याने नाही, न चोळता आणखी लवकर उतरली असती.

पण चूक फक्त त्यांच्याकडूनच होते असं म्हणण्याचा मला हक्क नाही. प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. व्हॉलीबॉल खेळणारा एक मुलगा आला, दुखापतीला चार दिवस झालेले, गुडघा फुगलेला. मी त्याची नडगी ओढून पाहिली, हलली नाही. फाइलवर ‘लिगामेंट ठीक’ असं लिहिलं आणि तीन आठवड्यांनी पळायला सोडलं. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा गुडघा चार वेळा सटकून झाला होता आणि आतली, दोन हाडांमधली गादी फाटून सांध्यात अडकली होती. नडगी हलली नव्हती ती दुखण्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू दगडासारखे आवळून धरले होते म्हणून. पहिल्या आठवड्यातला गुडघा तपासणाऱ्याला फसवतो. सूज उतरल्यावर तो पुन्हा तपासायचा असतो. मी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून बोलावते.

ही तपासणी कशी असते ते सांगते, म्हणजे कोणी तुमच्या मुलीची केली की नाही हे तुम्हाला ओळखता येईल. तिला उताणं झोपवायचं, गुडघा थोडासाच, 20-30 अंश वाकवायचा, खाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला तरी चालतो. तपासणारा एका हाताने मांडी गुडघ्याच्या वाटीच्या वर घट्ट धरतो, दुसऱ्या हाताने नडगी वरच्या बाजूला पकडतो, अंगठा पुढच्या उंचवट्यापाशी. मग नडगी हलकेच आपल्याकडे, पुढे ओढतो. एसीएल शाबूत असेल तर जराशी सरकते आणि ‘टच्’ करून थांबते, बैलाचा कासरा ताणला की थांबतो तशी. तुटलेलं असेल तर ती येत राहते, आणि थांबते तेव्हाही मऊ, कणकेत बोट गेल्यासारखी. दोन्ही पाय करून बघायचे, कारण काहींचे गुडघे जन्मतःच सैल असतात आणि फरक महत्त्वाचा असतो. सगळं मिळून अर्धा मिनिट. याला लॅकमन टेस्ट म्हणतात. अमेरिकेतल्या जोसेफ टॉर्ग यांनी ती 1976 मध्ये छापून जगापुढे आणली, नाव मात्र स्वतःचे ज्येष्ठ जॉन लॅकमन यांचं दिलं. आपल्याकडे अशी उदारता जरा दुर्मिळच, असो.

तर एमआरआय काढायचा का? काढा, पण या तपासणीनंतर आणि गुडघ्याचे ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगतील तेव्हा. एसीएल तुटलंय हे सरावलेल्या हाताला बहुतेक वेळा आधीच कळतं. एमआरआय मला हवा असतो तो गादीसाठी. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या वजन पसरवतात, आणि पाट्यावरच्या वरवंट्याला दोन्हीकडून पाचर लावावी तसा आधारही देतात. एसीएल गेलं की नडगीला पुढे जाण्यापासून अडवायचं काम आतल्या गादीवर येऊन पडतं. ती त्या कामासाठी बनलेली नाही. म्हणून दर वेळी गुडघा सटकतो तेव्हा गादी दोन हाडांच्या कात्रीत सापडायची शक्यता असते. भाऊ, मला तुमच्या पत्रातली पहिली पडझड तेवढी टोचत नाही, दुसरी टोचते. तुटलेलं एसीएल काही महिने थांबू शकतं. गादी फाटत राहिली तर चाळिशीतच गुडघा झिजू शकतो, आणि त्याला मग कोणाकडेच सोपं उत्तर नसतं. त्यामुळे आजपासून एकच पथ्य: गुडघा पुन्हा सटकू द्यायचा नाही. एकदाही नाही. ‘बरा झाला का बघू’ म्हणून मैदानात चाचणी घ्यायची नाही.

आणि वाटेत गुडघा अडकला, पूर्ण सरळ होईना, काहीतरी आडवं आल्यासारखं वाटलं, तर फाटलेली गादी मध्ये अडकली असं समजून लगेच डॉक्टरांकडे जा. तिथे महिनाभर थांबायचं नाही.

आता पुढचं तुमच्या मुलीला वाचायला द्या. तुझ्याशी बोलते गं.

शिंप्याकडची टेप घे. दोन्ही पायांवर वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटर वर पेनाने खूण कर आणि तिथे मांडीचा घेर मोज. दुखऱ्या बाजूचा कमी भरेल, पैजेवर सांगते. सांध्यात थोडंसं जरी पाणी राहिलं तरी मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो, तो तू आळशी आहेस म्हणून नाही, शरीर त्याचा फ्यूज काढून ठेवतं. म्हणून क्रम असा असतो. आधी सूज: रोज तीन-चार वेळा 15 मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून, पाय उशीवर वर ठेवून. मग गुडघा पूर्ण सरळ होणं, दुसऱ्या पायाएवढा. टाचेखाली उशी घेऊन गुडघ्याची मागची बाजू खाटेवर दाबायची, दहा मोजेपर्यंत, असं दिवसातून जमेल तितकं. आखडलेल्या गुडघ्यावर कुठलाही शहाणा सर्जन घाईने सुरी चालवत नाही, कारण नंतर तो तसाच आखडून बसतो.

मग ताकद. सगळे तुला मांडीच्या पुढच्या स्नायूचं सांगतील आणि ते बरोबरच आहे. मी मागच्या स्नायूंचंही सांगते, हॅमस्ट्रिंगचं. ते नडगीला मागे ओढतात, म्हणजे तुटलेल्या दोरीचं अर्धं काम तेच करू शकतात. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, टाचा रोवायच्या आणि कंबर उचलायची. आधी दोन पायांवर, जमल्यावर एका पायावर. भिंतीला पाठ टेकवून अर्धी बैठक. जिममधल्या खुर्चीवर बसून पायाने वजन वर लाथाडतात ते यंत्र सध्या नको, शेवटच्या टप्प्यात ते नडगीला पुढे खेचतं. सूज गेली की एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. तो खबर देणारा गेलाय ना, त्याची जागा बाकीच्यांनी घ्यायला त्यांना सरावच लागतो. बांध उतरताना वळायचं असेल तर आधी थांबायचं, पावलं उचलून अख्खं अंग वळवायचं. आईला सांग, हाक मारायची असेल तर समोर येऊन मार.

मेडिकलमध्ये मिळणारी नी-कॅप ऊब देते, वळणं रोखत नाही. तिच्या भरवशावर कबड्डी खेळलीस तर मला सांगायला येऊ नकोस.

आणि ते ‘पोरीच्या जातीला कबड्डी कशाला’. खेळणाऱ्या मुलींत एसीएल तुटायचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आहे, हे खरं. कारणं बरीच आहेत, त्यातलं हातातलं एक म्हणजे उडी मारून उतरताना आणि दिशा बदलताना गुडघे आत पडतात, मांडीच्या मागचे स्नायू उशिरा जागे होतात. हे शिकवून बदलतं. उडी मारल्यावर मऊ उतरणं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणं, एका पायावर तोल, असा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केला तर दुखापती कमी होतात. फुटबॉलवाल्यांनी फिफा 11 प्लस नावाने तो जगभर नेला. आपल्या मैदानांवर अजून दोन चकरा मारल्या की वॉर्म-अप संपतो. दोष मुलीच्या जातीचा नाही, त्या दोन चकरांचा आहे.

ऑपरेशनचं आता. 2010 मध्ये स्वीडनचा एक अभ्यास छापून आला. एसीएल तुटलेले 121 तरुण, खेळते-पळते, पण मोठ्या पातळीचे व्यावसायिक खेळाडू नव्हेत. निम्म्यांना लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना आधी नुसता व्यायाम, गुडघा सटकत राहिला तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार जवळजवळ सारखेच होते. व्यायामवाल्यांपैकी 23 जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांत हा आकडा निम्म्यावर गेला. म्हणजे तुमच्याकडे ‘ऑपरेशनच करा’ म्हणणाराही पूर्ण बरोबर नाही आणि ‘काही गरज नाही’ म्हणणाराही. फक्त हे विसरू नका की तिथला व्यायाम म्हणजे नीट आखलेला, महिनोन् महिने डोळ्यांदेखत करून घेतलेला व्यायाम होता. यूट्यूब बघून आठ दिवस पाय हलवणं नव्हे.

माझं मत विचाराल तर तुमच्या मुलीचं पारडं ऑपरेशनकडे झुकतं. वय वीस, खेळ वळणाचा, नोकरी हवी ती पळापळीची, आणि साध्या बांधावर गुडघा सटकलाय. पण उद्या नाही. आधी सहा ते बारा आठवडे व्यायाम करून सूज शून्य, गुडघा पूर्ण सरळ, मांडी भरलेली. ही मेहनत वाया जात नाही, ऑपरेशन झालं तर पुढचा प्रवास सोपा होतो. एमआरआयमध्ये शिवण्याजोगी गादी फाटलेली निघाली तर डॉक्टर याहून लवकर करतील, तेव्हा हटून बसू नका.

ऑपरेशनात मांडीच्या मागचे एक-दोन दोर किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा तिच्याच शरीरातून काढतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडतात आणि दुर्बिणीतून ती नवी दोरी जुन्या जागी बसवतात. गंमत अशी की ही दोरी बसवल्या दिवशी चांगली मजबूत असते, मग दीड ते तीन महिन्यांच्या सुमाराला उलट कच्ची होते, कारण शरीर ती आतून उसवून पुन्हा विणत असतं. नेमकं तेव्हाच पेशंटला एकदम बरं वाटतं आणि ते लग्नात नाचून येतात. खेळात परतायला किमान 9 महिने. 2016 च्या एका अभ्यासात 9 महिन्यांपर्यंत परतणं जेवढं लांबवलं तेवढा पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने उतरत गेला. महिने मोजून झाले तरी दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी मोजूनच मी सोडते.

खर्चाची चिंता असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजना जिथे लागू आहे अशा हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याशी बोला, हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते विचारा, मग सर्जनची तारीख घ्या. उलटं करू नका.

भरती. यंदाचं मैदान सोडून द्या. 800 मीटर सरळ पळणं ती कदाचित काढेलही, 100 मीटरही. पण गोळा फेकताना पाय रोवून कंबरेतून वळायचं असतं, आणि तिथे पुन्हा तोच बांध येतो. लेखी परीक्षेचा अभ्यास चालू ठेवायला गुडघा लागत नाही, आणि वय तिच्या बाजूने आहे. फुकट गेलेलं वर्ष वाटेल. वाटू द्या.

जळगावला किंवा धुळ्याला, जिथे सोयीचं पडेल तिथे, गुडघ्याचं काम नेहमी करणारे ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. जाताना जुना एक्स-रे सोबत न्या. घाईत काढलेल्या एक्स-रेतही नडगीच्या बाहेरच्या कडेला हाडाची बारीक कपची उडालेली कधी कधी नजरेतून सुटते, आणि ती दिसली की एसीएलचा संशय एकदम बळावतो. मुलीला गुडघ्याच्या वर सहज सरकेल असे ढगळ कपडे घालून न्या. आणि डॉक्टरांनी फक्त दुखरा गुडघा पाहिला तर तुम्हीच म्हणा, साहेब, दुसराही एकदा ओढून बघा.